प्लग उडाला म्हणून हेड बदलायचं नसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीकडचे, आता टेक्सासात नोकरीला. २००१ चा फोर्ड एफ-१५० पिकअप सेकंडहँड घेतलेला, इंजिन ५.४ लिटर व्ही-८, गाडी एक लाख साठ हजार मैल चाललेली. मागे बोटीचा ट्रेलर लावून हायवेने जात असताना बोनेटखाली बंदुकीचा बार काढल्यासारखा आवाज झाला आणि मग तडतडतडतड सुरू झालं. बोनेट उघडून पाहिलं तर तीन नंबरच्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) वाकडी होऊन बाजूला पडलेली आणि प्लग तिच्या रबरात अडकून बाहेर आलेला. प्लगच्या आट्यांवर चांदीसारखा अ‍ॅल्युमिनियमचा चुरा. एका वर्कशॉपने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण ज्यात प्लग बसतात, ते बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने थेट इंजिन. त्यांचं विचारणं एवढंच : "काका, हेड न उतरवता नवे आटे बसतात का, आणि बसले तर टिकतात का?"

बसतात, आणि नीट बसवले तर टिकतात. कंपनीतून आलेल्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतात. पण "नीट" या एका शब्दात बरंच काही आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ती गाडी चालू करून "आवाज ऐकवायला" कुठे नेऊ नका. सातच सिलिंडरवर चालते, घरापर्यंत जाते, हे खरं. पण तीन नंबरचा इंजेक्टर अजून पेट्रोल सोडतोय आणि ते हवेत मिसळून उघड्या भोकातून गरम इंजिनावर फवारलं जातंय. शेजारी तुटकी कॉइल ठिणगी टाकायला तयार. ट्रक टो करून आणा. नाइलाजाने हलवावाच लागला तर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा आणि कॉइलचा, दोन्हींचा कनेक्टर आधी काढा, आणि हलवणं म्हणजे रस्त्यावरून कडेला, एवढंच.

आपल्याकडच्या वाचकांना एक प्रश्न पडेल. ट्रक म्हटलं की डिझेल, त्यात स्पार्क प्लग आला कुठून? अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त माझ्याकडे पेट्रोलवरचेच येतात. आपल्याकडे सीएनजीचे ट्रक आणि टेम्पो आले तेव्हापासून तिथल्या मेकॅनिकांनाही मोठ्या इंजिनात प्लग बघायची सवय झाली आहे. आट्यांचं शास्त्र सगळीकडे एकच.

आता हे झालं का, ते बघू. फोर्डच्या या घराण्यातल्या इंजिनांना, म्हणजे ४.६ आणि ५.४ लिटरचे व्ही-८ आणि ६.८ लिटरचं व्ही-१०, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या सुरुवातीच्या हेडांत प्लगसाठी साधारण चारच आटे पाडलेले होते. प्लगवर आटे भरपूर आहेत, पण हेडमध्ये त्यांना धरायला तेवढी जागाच नाही. प्लगचा आटा १४ मिलिमीटरचा, दोन आट्यांतलं अंतर सव्वा मिलिमीटर. चार आटे म्हणजे पाच मिलिमीटर. हाताच्या करंगळीच्या नखाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमवर सगळा भार. पुढच्या हेडांत ही संख्या वाढवली, यावरून काय ते समजा.

भार किती? १४ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटीमीटरच्या वर जातं. ट्रेलर ओढताना स्फोटाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ५० किलो धरला, तरी प्लगला बाहेर ढकलणारा जोर पाऊणशे किलोच्या घरात होतो. एक धडधाकट माणूस प्लगवर आतून लाथ मारतोय असं समजा. दोन हजार आरपीएमला अशा लाथा मिनिटाला हजार. प्लग घट्ट बसलेला असेल तर चार आटेसुद्धा हे सोसतात, म्हणून तर लाखो गाड्या काही न होता चालल्या. पण प्लग किंचित सैल झाला की प्रत्येक लाथेला तो केसभर हलतो आणि आटे झिजत जातात. मग गॅस बाजूने निसटायला लागतो, आटे तापतात, काजळी धरते, आणि एक दिवस चढावर किंवा ट्रेलर ओढताना शेवटचा आटा सुटतो. तुमचा बार त्या दिवशी झाला, पण सुरुवात कित्येक महिने आधीची असणार.

सैल का होतो, याला मला दिसलेली कारणं दोन. एक, कोणीतरी गरम इंजिनावर प्लग काढले-लावले. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, गरम हेडमधून प्लग ओढून काढला की आटे सोबत खरवडून येतात. दोन, प्लग "हाताच्या अंदाजाने" आवळले. आपल्याकडे बिडाच्या हेडावर शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाचा हात इथे फसतो. या प्लगला खाली वॉशर नसतो, बैठक शंकूसारखी निमुळती असते. वॉशरचा प्लग दबताना हाताला कळतो. निमुळता प्लग एकदम टेकतो, वाटतं बसला, आणि तो बसलेला नसतो.

तुमच्या गाडीने आधी सूचना दिली असणार. थंड इंजिन सुरू केल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टिकटिक, सायलेन्सरचा जोड गळत असल्यासारखी. प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो त्या विहिरीत काळे ओघळ. कधी चेक इंजिनचा दिवा आणि पी०३०३ हा कोड, म्हणजे तीन नंबर मिसफायर. बहुतेक जण यावर कॉइल बदलतात, आठवडाभर बरं चालतं, कारण कॉइल बदलताना प्लगही थोडा आवळला गेलेला असतो.

(नंबर कसे मोजायचे यावर दर महिन्याला कोणीतरी चुकतं म्हणून सांगतो. गाडीत बसून पुढे बघताना उजव्या हाताला, म्हणजे अमेरिकेत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडे, पुढून मागे एक ते चार. डाव्या हाताला पुढून मागे पाच ते आठ.)

आणखी एक घोळ टाळा. २००४ च्या नव्या एफ-१५० पासून याच ५.४ लिटरला तीन व्हॉल्व्हचं हेड आलं. त्याचं दुखणं बरोब्बर उलटं आहे. तिथे प्लग उडत नाही, काढताना तुटतो आणि खालचा तुकडा आतच अडकून राहतो. त्या इंजिनासाठीचे सल्ले वाचून आपल्या हेडात अवजारं घालू नका.

दुरुस्तीचे प्रकार बरेच विकायला आहेत. निवडताना एकच कसोटी लावा : नव्या बुशाचे (भोकात बसवायच्या आटेवाल्या नळीचे) आटे हेडच्या किती खोलीपर्यंत पकडतात, आणि प्लगची निमुळती बैठक कशावर टेकते?

तारेचं वेटोळं बसवायची पद्धत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांना माहीत. इतर ठिकाणी ती उत्तम आहे, मी स्वतः शेकडो बोल्टांना वापरली आहे. पण इथे तार त्याच पाच मिलिमीटरच्या पट्टीत बसणार. आणि ती पट्टीही आता जास्त कोरून पातळ केलेली. म्हणजे जी उणीव मुळात होती ती तशीच. टेक्सासात आलो त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी एका गवंडीकाम करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या व्हॅनला अशी तार बसवून दिली होती. वर्षाच्या आत ती तार प्लगला गुंडाळलेल्या अवस्थेत परत आली. दुसऱ्यांदाचं काम फुकट करून दिलं, कारण चूक माझी होती.

इथे हवा अखंड बुश. बाहेरून आटे, आतून आटे, वर कॉलर, आणि लांबी एवढी की हेडची पूर्ण जाडी वापरली जाते. म्हणूनच मी म्हटलं की दुरुस्त भोक मूळपेक्षा मजबूत होतं. बुशाच्या बाहेरचे आटे मोठ्या व्यासाचे आणि चारापेक्षा पुष्कळ जास्त, आणि प्लगला आतून आटे सगळ्या लांबीभर मिळतात. टाइम-सर्टचा याच इंजिनासाठी केलेला संच मी वर्षानुवर्षं वापरतोय. दुसरा लॉक-एन-स्टिचचा, ही कॅलिफोर्नियातल्या टरलॉकची कंपनी. २००७ मध्ये फोर्डनेच आपल्या डीलरांसाठी तांत्रिक पत्रक काढून या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनांवर लॉक-एन-स्टिचच्या बुशाने दुरुस्ती करायला मान्यता दिली. तेव्हा "बुश मारणं म्हणजे जुगाड, कंपनी मानत नाही" असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्या पत्रकाची आठवण करून द्या. हेड बदलायचं मोठं बिल ऐकण्याआधी एवढं तरी विचारायलाच हवं.

सांगलीला असतो तर हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलं असतं, त्याने पितळेचा बुश करून ठोकला असता आणि संध्याकाळी गाडी बाहेर. स्कूटर-मोटरसायकलच्या हेडांना असे बुश आयुष्यभर चाललेले मी पाहिले आहेत. इथे मात्र हेड उतरवणं म्हणजे टायमिंग चेन उघडण्यापर्यंतचं काम, म्हणून गाडीवरच करायची पद्धत आली.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं असलेलं. इंधनाचा दाब सोडा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. कॉइलचे तुटलेले तुकडे विहिरीतून वेचून काढा, मग हवा मारा. हा क्रम उलटा केलात तर प्लास्टिकचा तुकडा सिलिंडरात जाईल. तीन नंबरवर इंधनाची रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) आणि हवेचा पाइप आडवा येतो. रेल मोकळी करून थोडी उचलून बांधली की हात सरळ जातो. वाकड्या हाताने टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवायचा प्रयत्न करू नका, रेल काढायला गेलेला अर्धा तास सगळ्यात चांगला खर्च झालेला अर्धा तास असतो.

मग कॅमेऱ्याची बारीक नळी आत सोडा. पिस्टनच्या माथ्यावर ओरखडे आहेत का, भोकापासून व्हॉल्व्हच्या बैठकीकडे तडा गेलाय का, हे बघा. तडा दिसला तर थांबा. मग हेड उतरवायचंच. भोक लंबगोल झालं असेल तरी. तिथे वर्कशॉपचं म्हणणं खरं आहे.

पिस्टन असा ठेवा की तो बराच खाली आहे आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत, म्हणजे कॉम्प्रेशनच्या फेरीची (पिस्टन वर येत हवा दाबतो ती) सुरुवात, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नुकता मिटलेला. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने फिरवा. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आटे पाडताना निघालेला धातूचा कीस त्याच्या बैठकीवर जाऊन बसतो, आणि टॅप खाली उतरताना त्याच्यावर टेकायची भीती वेगळीच.

पुढे चार गोष्टी होतात : जुने झिजलेले आटे कातून भोक मोठं करणं, वर कॉलरसाठी खाच पाडणं, नवे आटे पाडणं, आणि बुश बसवणं. प्रत्येक अवजाराच्या खोबणीत जाडसर ग्रीस भरा. कीस ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, दोन-तीन फेऱ्यांनी अवजार बाहेर, पुसा, नवं ग्रीस, परत आत. हे कंटाळवाणं आहे. मी एकदा घाईने एका दमात टॅप उतरवला होता. कीस राहिला, सिलिंडरच्या आतल्या भिंतीला उभा ओरखडा पडला, त्या सिलिंडरने तेल प्यायला सुरुवात केली, आणि इंजिनाचा खर्च माझ्या खिशातून गेला. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर पांढरा कापड अंथरलेला असतो, त्यावर प्रत्येक वेळी निघालेला कीस पुसायचा. शेवटच्या दोन फेऱ्यांत कापड स्वच्छ आलं तरच पुढे.

खाच पाडणाऱ्या कटरकडे लक्ष द्या. आटे चुकले तर मोठ्या मापाचा बुश मिळतो. खाच तिरकी गेली की कॉलर एका बाजूला टेकते, गॅस तिथूनच गळतो आणि बुश गरम होऊन सुटतो. माझ्याकडे दुसऱ्यांनी केलेली आणि बिघडलेली जी कामं येतात, त्यांतली बहुतेक याच जागी बिघडलेली असतात. मार्गदर्शक नळी विहिरीत सरळ बसली आहे ना हे दर वेळी पाहा, फक्त वजन द्या, जोर नको.

साफसफाई. व्हॅक्यूमच्या नळीला बारीक लवचिक नळी टेपने जोडून आत सोडा, पिस्टनभर फिरवा. कॅमेरा. परत व्हॅक्यूम. नंतर सगळे इंजेक्टर आणि कॉइल सोडवलेल्या असताना, भोकावर जाड कापड धरून आणि तोंड बाजूला करून, स्टार्टरने दोन-तीन सेकंद इंजिन फिरवा. उरलेलं जे असेल ते कापडावर येतं. यासाठी बॅटरी जोडावी लागते, ती नंतर परत काढा.

मग नवे आटे ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने वाळवा. तेलाचा अंश राहिला तर लॉकिंगचं द्रव धरणार नाही. बुशाच्या बाहेरच्या आट्यांना जास्त तापमान सोसणारं लॉकिंग द्रव लावा. थोडंच, आत ओघळेल एवढं नको. टाइम-सर्टच्या प्रकारात बुशाचे खालचे आतले आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात. बसवायचं अवजार त्यातून पुढे जाताना ते आटे बाहेर रेटतं आणि बुश हेडात कायमचा फुलतो. त्या अवजाराला तेल लावायला विसरू नका, नाहीतर ते बुशातच जाम होतं आणि परत फिरवताना बुश बाहेर येतो. फिरवताना आधी हलकं जाईल, मग एकदम जड, मग पुन्हा हलकं. जड झालं म्हणून घाबरून मध्येच सोडू नका. ते जडपण म्हणजेच बुश फुलतोय.

द्रव सुकायला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्या. तोपर्यंत जेवून या.

नवा प्लग लावताना गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.३ ते १.४ मिलिमीटर. आट्यांना ग्रीस लावायचं का, यावर मेकॅनिक हातघाईवर येतात. आजच्या प्लगांना मुलामा असतो. एनजीकेसारखे प्लग बनवणारे सांगतात की आट्यांना काही लावू नका, कारण ओलसर आट्यावर तोच टॉर्क (पान्याचा पिळायचा जोर) जास्त आवळतो. मी कोरडा लावतो. प्लग आधी रबराच्या नळीत धरून हाताने फिरवा, पूर्ण उतरला पाहिजे, मग १६ मिलिमीटरचा प्लगचा बॉक्स पाना. जुन्या आट्यांसाठी कंपनीचा आकडा ७ ते १५ फूट-पौंड होता, म्हणजे साधारण साडेनऊ ते २० न्यूटन-मीटर. बुश बसवलेल्या भोकाला मात्र त्या बुशाच्या संचात दिलेला आकडा वापरा. आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला जोर झाला की टक् करणारा पाना, वापराच. मी तीस वर्षं हेच काम करतोय, तरी प्लग अंदाजाने आवळत नाही.

कॉइल नवी घाला, जुनीचा बोल्टाचा कान तुटलेलाच असेल. रेल बसवल्यावर आधी नुसती चावी फिरवून पेट्रोलचा पंप दोनदा चालू द्या, गळती बघा, मग स्टार्टर.

आता उरलेले सात प्लग. जो माणूस तीन नंबर बसवून देऊन गाडी सोडतो, त्याने अर्धंच काम केलं. एका मालकाच्या हाताखाली, एकाच वेळी, एकाच पान्याने आवळलेले ते आठ भाऊ आहेत. थंड इंजिनावर टॉर्क पाना १५ फूट-पौंडाला लावा आणि प्रत्येक प्लग आधी सैल न करता सरळ आवळून बघा. जो न हलता टक् करतो तो ठीक. जो पाव-अर्धा फेरा फिरतो त्याचे आटे कॅमेऱ्याने बघा. जो फिरतच राहतो, पकडतच नाही, त्यालाही आत्ताच बुश. चार नंबरकडे खास बघा. तो केबिनच्या भिंतीखाली दडलेला असतो, हात नीट पोचत नाही, म्हणून आधीच्या मेकॅनिकने तो नीट आवळलेला नसण्याची शक्यता जास्त.

तुम्ही स्वतः करू शकाल का? सांगलीच्या आयटीआयत ज्यांनी कधी टॅप हातात धरला असेल, त्यांनी शांत रविवारी करावं. ज्यांनी कधीच आटे पाडलेले नाहीत त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्या हेडवर करू नये. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियमचं हेड घेऊन दोन भोकं करून बघा. नाहीतर फिरतं काम करणारे मेकॅनिक अमेरिकेत बऱ्याच गावांत आहेत. गाडी दारात उभी असताना येऊन बुश मारून जातात. त्यांना दोनच प्रश्न विचारा : कुठला बुश, आणि कीस कसा काढणार? दुसऱ्या प्रश्नाला "थोडा राहिला तर सायलेन्सरमधून निघून जातो" असं उत्तर आलं तर नम्रपणे फोन ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय की बोट परत कधी ओढू. पहिले दोन आठवडे गाडी रिकामी चालवा, मग एका सकाळी थंड इंजिनावर तीन नंबरचा टॉर्क पुन्हा तपासा आणि विहिरीत काळा ओघळ आलाय का ते टॉर्च लावून बघा. कोरडी असेल तर त्याच शनिवारी ट्रेलर जोडा. या तपासणीचा कंटाळा करू नका, कॉइल काढायला सात मिलिमीटरचा एकच बोल्ट आहे.